घोटभर पाणी

१२ एप्रिल
आली एकदाची आमची घरगाडी! उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या गॅरेजवाल्याने जुन्या ॲम्ब्युलन्सचं घर करून दिलंय: पलंग, शेगडी, बेसिन आणि खाली पाण्याची टाकी. विनीत तर लहान पोरासारखा तिच्याभोवती नाचतोय. बेलवलीत त्याच्या आत्याच्या, ठमाआत्याच्या अंगणात उभी केलीये. आता सुट्टी मिळाली की भटकायचं!

पाण्याचं खातं माझं. गेल्या वर्षी प्रवासात कुठलंतरी पाणी पिऊन विनीतला कावीळ झाली. दवाखान्यात त्याचे पिवळे डोळे बघून मी देवाला काय काय बोलले, ते माझं मला ठाऊक. पुन्हा ते नको. म्हणून आधी टाकीत ब्लीचचं पाणी भरून ठेवायचं, मग वास जाईस्तोवर नळ सोडून धुवायचं, मग चांगलं पाणी भरायचं. भरायचा पाइप जमिनीला टेकवायचा नाही. प्यायचं पाणी वरून उकळायचं. विनीत म्हणतो, ह्या गाडीत तीर्थसुद्धा उकळून मिळेल. मिळेलच! डास नकोत म्हणून सगळ्या खिडक्यांना जाळ्या आणि चोर नकोत म्हणून गजही मीच बसवून घेतलेत.

पलंगाच्या उशाशी एक पितळी पेला तारेत अडकवलेला होता, काठोकाठ भरलेला. गॅरेजवाला हिरामण म्हणाला होता, तेवढा भरलेला असू द्या वहिनी. उघडं पाणी, तेही उशाशी? ओतून दिलं. पेला घासला, उन्हात वाळवला आणि पालथा अडकवला.

१५ एप्रिल
टाकी सकाळी भरली, दुपारी निम्मी. खाली जमीन कोरडी ठणठणीत. विनीत गाडीखाली लोळून आला, गळती सापडली नाही. आणि पाण्याला चव आलीये, कुणी तोंड लावून ठेवल्यासारखी. उष्टी. शी! पुन्हा ब्लीच.

१७ एप्रिल
गाडी कॅम्प चारला दाखवली. टाकी धड आहे. हिरामणने आधी पेल्याचं विचारलं. पाणी ओतलं म्हटल्यावर त्याने कानाला हात लावले आणि मग सांगितलं. ॲम्ब्युलन्स असताना ह्यात एक म्हातारी गेली. ऑपरेशनला नेत होते, डॉक्टरांनी पाणी बंद केलेलं. लेक शेजारी बाटली घेऊन बसलेली. म्हातारी घोटभर मागत राहिली, लेकीने दिलं नाही. वाटेतच संपली, तोंडात थेंबही न पडता. तेव्हापासून ड्रायव्हर पेला भरून ठेवायचा.

असा संताप आला! गाडी देताना सांगायला काय झालं होतं? आणि लेकीचं काय चुकलं? डॉक्टरांनी सांगितलं तेच केलं ना तिने? मीही तेच केलं असतं. पेला मी भरला नाही. एकदा भरला की ते सगळं खरं मानलं, असं होतं.

१८ एप्रिल
विनीतला सारखी तहान. जेवताना, बोलताना, आंघोळ करतानासुद्धा. रक्त तपासलं, सगळं ठीक. ठमाआत्या म्हणाली, भर गो तो पेला, तुझं काय जातंय. नाही भरला. हट्टी आहे मी, आहेच.

१९ एप्रिल, सकाळ
बारवी धरणाच्या रस्त्याने पहिली सहल! टाकीत ब्लीचचं जहाल पाणी, नेहमीच्या चौपट, भरून निघालोय. गाडी हलते तसं ते आत घुसळतं, टाकी छान धुऊन निघते. पोचल्यावर ओतून ताजं भरायचं. प्यायला उकळलेल्या पाण्याचा कॅन घेतलाय.

दुपार
गाडी बंद पडली. आजूबाजूला झाडी, माणूस नाही. फोनला रेंज नाही. दारं उघडत नाहीत, आतूनही नाहीत. खिडक्यांना माझेच गज.

कॅन रिकामा. सगळा विनीतने संपवला, तरी—
पलंगावर पडून म्हणतोय, बाय, घोटभर पानी दे गो. तोंड त्याचं. आवाज त्याचा नाही.

आता पेला भरायला मी तयार आहे. आता पाणी नाही.

तो नळाकडे सरकतोय. टाकीचा कॉक बंद करून त्याला पाठ लावून बसलेय. त्यात ब्लीच आहे विनीत, मरशील. ऐकत नाही. लिहिते आहे म्हणून भान तरी—

तिला म्हटलं, माझ्या नवऱ्याला सोड. तुझं पाणी मी ओतलं, मी. माझ्याकडे ये.

विनीत झोपला. श्वास नीट चाललाय. देवा, उपकार झाले—

घसा. माझा. जीभ टाळूला—
सकाळपासून ब्लीच नाकाला झोंबत होतं. आता वास येत नाही. वाळ्याचा येतोय, माठातल्या पाण्याला येतो तसा.

पेला सुलटा कुणी केला?

टाकीत काय आहे मला ठाऊक आहे. मला ठाऊक—
कॉक पाठीशीच आहे. घोटभर. नुसते ओठ ओले कराय—