बाळ खांद्यातून येत नाही

बुधवार, संध्याकाळ. हॉस्पिटल, कोथरूड.

मुलगी झाली. काल दुपारी. अजून खरं वाटत नाही.

आई अमरावतीहून येणार होती, पण तिचा पाय मोडला. मग लेबर रूममध्ये माझ्याबरोबर सासूबाई आल्या. मला धडकीच भरली होती. कळांपेक्षा त्यांची जास्त? हो, थोडी.

कळ आली की मी दातओठ आवळून अंग ताठ करत होते. सासूबाईंनी माझ्या कमरेवर तळहात दाबून धरला आणि म्हणाल्या, "ओरडायचं तर ओरड, पण खांदे सैल सोड. बाळ खांद्यातून येत नाही."

कळ चालू असताना मला हसू आलं! आणि हसता हसता अंग खरंच सैल पडलं. त्यानंतर प्रत्येक कळेला तोच हात, नेमका तिथेच. नर्स म्हणाली, "आजी, बसा जरा." बसल्या नाहीत.

आज त्यांनी चहा दिला तेव्हा मी विचारलं, "आई, तुमच्या वेळी कोण होतं हो जवळ?"

"कोणी नाही. म्हणून तर कळतं, कुठे दाबायचं ते."

एवढं बोलून त्या बाळाच्या लंगोटांच्या घड्या करायला लागल्या. थँक्यू म्हटलं असतं तर रागावल्या असत्या. म्हणून इथे लिहितेय.