दुसरा आबाजी

३ डिसेंबर
बाई सत्यभामा, माफ कर. तू वही देऊन गेलीस, रोज लिहा म्हणालीस, आणि मी चार दिवस उशिरा लिहायला बसतो आहे. चौथी पास माणूस, हात लवकर वळत नाही. आता रोज लिहीन. शामकला, इथली आशा सेविका, येते तेव्हा पानाचा फोटो काढून तुला नागपूरला धाडते म्हणाली. तू दवाखान्यात जावईबापूंच्या पायाचं पाहा. इकडची काळजी करू नको.

तुझं घर मला फार आवडलं. नागऱ्याला आमच्या दारात गाड्यांचा धुरळा. इथे ओट्यावर बसलं की बोदलकसा तलावाचं पाणी दिसते. थंडीची पाखरं उतरली आहेत. दिव्या मोजते, चाळीसच्या पुढे अडली की मला विचारते, आणि मलाही गोंधळायला होते. मग दोघं हसतो. सात वर्षांची नात माझी, पण मासे धरणाऱ्या पाखरांची नावं मला एकेक करून सांगते.

दिव्याच्या झटक्यांच्या औषधाचं लिहितो. गोंदियाहून येताना दोन नव्या शिश्या घेतल्या, एकेक वीस दिवसांची. दुकानात गर्दी, दवाईवाल्याच्या तोंडाला मास्क, आणि माझा एक कान गेलेला. त्याने दोनदा सांगितलं, खिला के पिलाना बाबा, खिला के. म्हणून आधी वरण-भात चारतो, मग टोपणाने पाच एमएल. सकाळी सात, संध्याकाळी सात. दिलं की कॅलेंडरवर रेघ. शिशी देवाजवळच्या फळीवर ठेवली आहे, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. एकही वेळ चुकली तर झटका येईल आणि थांबणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते ना? ते डोक्यातून जात नाही.

६ डिसेंबर
आज झटका आला. जेवता जेवता घास हातातच राहिला, डोळे वर गेले, मग सगळं अंग. तू शिकवलं तसं कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही. घड्याळात दोन मिनिटं. कॅलेंडर तीनदा पाहिलं. एकही रेघ सुटलेली नाही. मग काऊन आला?

८ डिसेंबर
पुन्हा आला. शेजारची धुरपताबाई भिंतीवरून म्हणाली, म्हातारा दवाई भुलून राहिला असन अन् कॅलेंडरवर खोट्या रेघा मारून राहिला असन. वर म्हणाली, झाडफूक करणाऱ्या बैगाले बोलावा. मी म्हटलं, डॉक्टरचंच चालेल. राग आला. नंतर भीती वाटली. मी खरंच विसरतो का? आता रेघ मारली की दिव्याचा अंगठा हळदीत बुडवून बाजूला उमटवतो. पुरावा असला म्हणजे बरं.

११ डिसेंबर
तिसरा झटका. अंगठे सगळे जागेवर आहेत. औषध पाण्यासारखं पातळ वाटते. पण पाच म्हणजे पाच, तेवढंच देतो.

१४ डिसेंबर
तीन दिवस झटका नाही. देवाला नारळ फोडला. औषधही आता दाट येते, पाहून बरं वाटते.

दिव्या म्हणाली, आबाजी, आंगणात दोन कोंबड्या. आपली तर एकच आहे. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, तुम्ही पण दोन. मी म्हटलं, दुसऱ्याले भात वाढजो नोको, भात एकाचाच रांधला. खूप हसली. हसताना तिची जीभ जड वाटली.

१६ डिसेंबर
दिव्या भिंत धरून चालते. मोहाची घेतलेल्या माणसासारखी डोलते. डोळे आडवे थरथरतात.

दुसरा आबाजी माझ्या डावीकडे उभा असते म्हणते. संध्याकाळी टोपण पुढे केलं तर तिने तोंड बाजूला उघडलं, रिकाम्या जागेकडे. मान धरून माझ्याकडे वळवावी लागली. कसा दिसते तो, असं मी विचारलं. तुमच्यासारखाच, म्हणाली, पण तो बोलत नाही.

१७ डिसेंबर
आरशात पाहिलं. एकटाच होतो. तरी डावीकडे मान वळवायचं धाडस होत नाही. दिव्या म्हणते, आधी त्याचा हात येते, मग तुमचा. मला सांग बाई, हे तुझ्या घरात आधीपासून आहे का — की माझ्याबरोबर आलं —

झटका मात्र नाही. औषध दोन्ही वेळा दिलं.

१८ डिसेंबर
दिवसभर झोप. उठवून चारलं, उठवून पाजलं. तळाशी साका बसला होता. वाया कशाला घालवायचं, म्हणून शिशी टोपणावर उलटी ठेवली, चमच्याच्या दांडीने खरवडून पाच पूर्ण केले. रेघ मारली. तिचा अंगठा कॅलेंडरवर लागेना. भिंतीवर लागला.

१९ डिसेंबर, दुपार
सकाळी उरलासुरला साका पाण्यात कालवून दिला. उलटी झाली. उठत नाही. हाक मारली की पापणी हलते, बस.

शामकला पंधरा दिवसांनी आज आली. दिव्याचे डोळे उघडून पाहिले. रिकामी शिशी पाहिली. म्हणाली, काका, हालवून देता न? मी म्हटलं, खिलवून देतो, दवाईवाल्याने तसंच सांगितलं.

तिने शिशी उजेडात धरली. मग हळूच म्हणाली, हिला के म्हणला असन तो, काका. हिला के.

माझी चेष्टा करणारी पोरगी, पण हसली नाही. म्हणाली, इतके दिवस वरचं पाणी पाजलं. म्हणून झटके. आता खालची सारी दवाई एकदम. म्हणून तिले एकाचे दोन दिसतेत.

घरात टॉवर येत नाही. एकशेआठला फोन लावायला ती तलावाच्या पाळीवर धावली.

दुसरा कोणी नव्हता, बाई. दोन्ही मीच.

पाच वाजले
गाडी नाही. धुरपताबाई रस्त्यावर उभी आहे. मी दिव्याचा श्वास मोजतो. चाळीसच्या पुढे गोंधळ होते, पुन्हा एकपासून —

साडेसहा
शामकला परत आली नाही. घाईत गेली — सातचं द्यायचं की नाही, ते सांगितलंच नाही. दिलं तर विषावर विष. नाही दिलं तर — न थांबणारा झटका. दुसरी, नवी शिशी फोडली. हलवतो आहे. हात थांबत नाही —

सात
टोपण भरलं. ती गिळेल का तेही — ओठ हलले. बोलते आहे की झटका — कळत नाही —

बाई, हे पान धाडायला इथे कोणी नाही, तरी लिहितो. देऊ की नको, एवढंच कळव. रागव, शिव्या दे, पण लवकर कळव. सातच्या वर पाच मिनिटं झाली — तिची मूठ वळते — लवकर कळव, मी टोपण तोंडाशी