गजाला लावलेलं तेल

वाशीम,
११ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांना,

शिरसाष्टांग नमस्कार आहे तो आहेच. विनंती विशेष मात्र आज काही नाही, आज सरळ भांडण आहे. वसतिगृहात मोबाईल चालत नाही, आणि रविवारी वॉर्डनबाईंच्या फोनवर बोलायचं तर त्या शेजारी उभ्या राहतात. त्यांच्यासमोर बापावर ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय.

माझ्या व्हायोलिनच्या गजाला तेल का लावलंत?

शनिवारी मी रिठदहून एसटीनं थेट स्पर्धेच्या हॉलवर उतरले. माझं नाव पुकारलं, मी स्टेजवर उभी राहिले, गज तारांवर ठेवून ओढला, तर आवाजच नाही. नुसता घसरत गेला. पुन्हा ओढला, तरी तेच. तार उतरली असेल म्हणून खुंटी पिळली, तर ती हातात गरगर फिरली आणि तार लोंबायला लागली. खाली बसलेली सगळी पोरं हसली. एका परीक्षकांनी विचारलं, की हे वाद्य वाजवायला आणलंय की दाखवायला. मी तशीच खाली उतरले.

क्लासच्या शीला मॅडमनी गज नाकाशी धरला आणि म्हणाल्या, याला जवसाच्या तेलाचा वास येतोय. जवसाचं तेल आपल्या घरी कुठं असतं ते मला कुणी सांगायला नको. बंडीच्या जवळ, तुमच्या डब्यात.

दिवाळीच्या सुट्टीभर मी घरी वाजवत होते तेव्हा प्रज्वल कानात बोटं घालून फिरत होता. शेजारच्या तुळसाकाकू विचारत होत्या, की मांजरीले काय झालं. आणि तुम्ही? तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, कायले त्या लाकडाले रडवून राह्यली. बाकीची मुलं सहाव्या-सातव्या वर्षी शिकायला लागतात, बाबा. मी पंधराव्या वर्षी सुरू केलंय. माझी बोटं अजून वळत नाहीत, मान दुखते, हनुवटीखाली वळ उठलाय. तरी नवशिक्यांच्या गटात मॅडमनी माझं नाव दिलं होतं. तुम्हाला आवडत नव्हतं तर तोंडावर सांगायचं. मी व्हायोलिनची पेटी बंद करून झोपल्यावर मुद्दाम असं करायचं नव्हतं.

लोभ असू द्या, असं आज मागणार नाही. असेल तर तो दिसेलच.

आपली,
ज्योत्स्ना


रिठद,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. ज्योत्स्ना हिस,

आशीर्वाद. तो राग-लोभ पाहून द्यायचा नसतो, म्हणून आधी देऊन टाकतो. बाकीचं आता ऐक.

तेल मी लावलं. चोरून लावलं नाही. मी काय चोर आहे माझ्याच घरात? जी वस्तू करकरते तिला तेल लागतं, हे तुझ्या बापाला जन्मापासून माहीत आहे. बंडीचा आख करकरला की तेल, विहिरीची चाकी करकरली की तेल, दाराची बिजागरी करकरली की तेल. तुझं ते व्हायोलिन सुट्टीभर करकरत होतं. लोक हसत होते. ते तुला ऐकू येत नव्हतं असं नाही, कारण गोठ्यामागं जाऊन तू रडलीस ते मी पाहिलं. मग मी म्हटलं, पोरीची वस्तू कोरडी पडली आहे आणि त्या मॅडमला त्याचं काही देणंघेणं नाही. तेल फडक्यातून गाळून घेतलं. कापसाच्या बोळ्यानं गजाचा एकेक केस पुसला, घाई केली नाही. खुंट्याही पिळताना कुरकुरत होत्या, त्यांनाही दिलं. बैलाचं कधी एवढं केलं नसेल.

आणि तू लिहितेस, मुद्दाम. हा शब्द तुझ्या हातून कागदावर कसा उतरला? तुझ्या आईला पत्र वाचून दाखवलं तर ती त्या शब्दावर थांबली आणि म्हणाली, बापाले असं लिहितेत काय, पोरीले अभ्यासाचंच पाहू द्या आता. मलाही ते पटलं. क्लास बंद. नाताळच्या सुट्टीत पेटी घेऊन ये, माळ्यावर ठेवून देतो. दहावीचं वर्ष आहे. निताआत्यालाही कळव. वाढदिवसाला ते खोकं पाठवून तिनंच हे आपल्या घरात घुसवलं.

तूर चांगली आहे. प्रज्वलला ताप होता, उतरला.

तुझे,
बाबा (अजून तरी)


अमरावती,
२१ नोव्हेंबर २०२४

दादास,

साष्टांग नमस्कार. तू माझा फोन कापतोस, म्हणून पत्र पाठवतेय. पत्र कापता येत नाही, फार तर फाडशील. फाडायच्या आधी पूर्ण वाच.

ज्योत्स्नाचं पत्र आलं. तुझा हुकूमही तिनं उतरवून पाठवलाय. पोरगी रडली असणार, कारण शाई पसरलीय. दादा, माझं डोकं इतकं फिरलंय, की ड्युटीवर दोन पेशंटना उगाच बोलले.

अरे, त्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात. ते कोरडे आणि खरखरीत असले तरच तार धरतात. त्यासाठी त्यांना राळ घासतात, आणखी खरखरीत व्हावेत म्हणून. तू तेल लावलंस, म्हणजे कासऱ्याला तेल लावून कुणाच्या हातात बैल दिलास. धुऊनही ते आता कामाचे नाहीत, केस बदलावेच लागतात. तुला माहीत नव्हतं, मान्य. मलाही दुकानदारानं सांगितलं तेव्हा कळलं. पण पोरीला विचारायला काय झालं होतं? ती तर त्याच घरात होती.

तेलाचं मी सोडून देईन. माळ्याचं नाही सोडणार. मी नर्सिंगला निघाले तेव्हा आपल्या बापूंनी रागानं जेवण टाकलं होतं. तूच मला सायकलवर डबलसीट रिसोडच्या एसटीपर्यंत नेलंस. वाटेत कितीतरी लोकांनी तुला विचारलं, अरे जगदेव, कायले पोरीले शिकवून राह्यला. तू सगळ्यांना एकच उत्तर दिलंस, तिले शिकाचं हाय म्हून. दुसरं कारण तुला लागलं नव्हतं. आता स्वतःच्या लेकीच्या वेळी ते उत्तर कुठं गेलं? शेजारीण हसली म्हणून गेलं?

पेटी माळ्यावर ठेवायची असेल तर आधी माझं नर्सिंगचं सर्टिफिकेट ठेव, मग त्याच्यावर पेटी ठेव.

वहिनीला नमस्कार, प्रज्वलला पापा. तुझ्यावर लोभ आहेच, पण या महिन्यात तो फार ताणू नकोस.

तुझी,
निता


रिठद,
३० नोव्हेंबर २०२४

चि. ज्योत्स्ना हिस,

आशीर्वाद. राग गेलेला नाही, तेव्हा गोड पत्राची वाट पाहत असशील तर पुढं वाचू नकोस.

तुझ्या आत्यानं मला जे लिहिलं ते तुला सांगण्यासारखं नाही. धाकटी बहीण असून ती सासूसारखी बोलते. पण सर्टिफिकेटचं लिहून तिनं मला गप्प केलं, आणि त्याचा मला जास्त राग आला.

सोबतच्या पाकिटात केस आहेत. पांढरे आहेत, घोडीचे आहेत. केनवडला गोविंदसिंग लग्नाच्या वरातीसाठी घोडी ठेवतो. मोटरसायकलवर त्याच्याकडे गेलो. तो आधी देईचना. तुळशीची लग्नं आटोपली, आता तिचा सीझन सुरू झाला, शेपटी विरळ दिसली तर व्हिडिओत पाहून नवरदेवाची माणसं नावं ठेवतील, असं म्हणे. मी त्याला म्हटलं, माह्या पोरीच्या वाद्याले पाह्यजेत. त्यानं विचारलं, पोरगी काय वाजवते. मला नाव धड सांगता आलं नाही. मग तो म्हणाला, घे तुह्याच हातानं. घेतले. घोडीनं मांडीवर लाथ घातली. गोविंदसिंग तेव्हा हसला, घरी आल्यावर तुझी आई मांडीला तेल चोळत होती तेव्हा प्रज्वल हसला. या घरात मी सगळ्यांच्या हसण्याचा विषय झालो आहे.

केस शिकेकाईनं धुतले, सावलीत वाळवले, दोऱ्यानं बांधले. तेल लावलेलं नाही. तुझी शपथ.

क्लास सुरू ठेव. मी हो म्हणत नाही, फक्त नाही म्हणणं थांबवतो. पण तो मुद्दाम शब्द परत घे. तो माझ्या घशात अडकला आहे. आणि एक विचारायचं राहिलं. तेल नाही तर ती करकर जाते कशानं?

बाबा


वाशीम,
९ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार. मांडी कशी आहे? गोविंदसिंगकाकांच्या घोडीला मला जे सांगायचंय ते मी नंतर सांगेन.

केस मिळाले. पाकीट उघडलं तेव्हा खोलीतल्या मुली ओरडल्या, त्यांना वाटलं कुणी करणी केलीय. शीला मॅडमनी ते अकोल्याच्या दुरुस्तीवाल्याकडे पाठवले. तो म्हणाला, घोडीऐवजी घोड्याचे असते तर जास्त बरं झालं असतं, पण चालतील, धुतलेत मात्र छान. गज शनिवारी भरून आला. राळ घासली आणि वाजवला.

करकरला, बाबा. अगदी दिवाळीत करकरला होता तसाच.

मी मॅडमना तुमचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, करकर वस्तूची नसते, नवशिक्याच्या हाताची असते. वर्ष-दोन वर्षं जाईल, मग कमी होईल. त्यावर तेल नाही, रोज वाजवणं एवढंच आहे. म्हणजे तुम्ही गळक्या हौदाऐवजी नळ दुरुस्त करत होतात.

मुद्दाम हा शब्द परत घेते. तुमचं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा मलाच त्याची लाज वाटली. स्पर्धेचा राग आता उरलेला नाही, पुढच्या वर्षी पुन्हा आहे. पण दुसरा एक राग आहे. तो त्या पत्रामुळंच आला, आणि तो जात नाही. मी गोठ्यामागं रडत होते ते तुम्ही पाहिलंत. पाहिलंत, आणि तेलाचा डबा शोधायला गेलात. केस पुसले, खुंट्या पुसल्या, गाळलेलं तेल वापरलंत. केनवडपर्यंत गेलात, लाथ खाल्लीत. एवढं सगळं केलंत बाबा, पण मी होते तिथं आला नाहीत. काहून रडतेस, एवढं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मला येत नाही म्हणून मी रडत होते. लोक हसले म्हणून नाही.

नाताळला पेटी घेऊन येतेय. माळ्यावर ठेवायला नाही, ओसरीत बसून वाजवायला. तुम्ही समोर बसायचं. तुळसाकाकू हसल्या तर हसू देत, तुम्हीही हसा. फक्त मी थांबेपर्यंत उठायचं नाही, आणि डब्याकडे बघायचं नाही.

आईला नमस्कार, प्रज्वलला एक चापट. लोभ आहे ते केसांच्या पाकिटात दिसलं. आता तो ओसरीत बसलेला पाहायचाय.

तुमचीच,
ज्योत्स्ना