स्वॅपबंदी आणि माझी मुत्सद्देगिरी

३ ऑगस्ट, सोमवार
केबिन क्रू युनियनच्या वाटाघाटी समितीवर माझी बिनविरोध निवड. दुसरं कुणी उभंच नव्हतं, पण बिनविरोध म्हणजे बिनविरोध. मुद्दा एकच. आम्ही आपसांत फ्लाइट स्वॅप करतो, म्हणजे अदलाबदल. कंपनी म्हणते, दुसऱ्याची फ्लाइट घेऊन जो उगवणार नाही, त्याचे स्वॅप सहा महिने बंद. आमचं म्हणणं, गैरहजेरीची नेहमीची शिक्षा पुरे. दोन बैठकांत गुंडाळतो.
बायकोने, लीनाने विचारलं, १९ सप्टेंबरला मंडळाच्या गणपतीत आपल्या रसिकाचं नाटक आहे, येशील ना? म्हटलं, अर्थात. फ्लाइट लागलीच तर स्वॅप करेन. स्वॅप असतात कशाला?
संकल्प: बैठकीत शांत राहायचं.

१० ऑगस्ट
पहिली बैठक. शांत राहिलो. शेवटपर्यंत. युनियनचे सेक्रेटरी देबाशिषदा नंतर म्हणाले, काहीतरी बोलायचं होतंस. त्यांना डावपेच कळत नाहीत. कंपनीच्या मिसेस लाहिरी मला टरकून असाव्यात. दोनदा चहा विचारला.
बेहालाला घरी परतताना शेअर ऑटोत झोप लागली. स्टॉप मागे गेला.

१७ ऑगस्ट
पुढची बैठक २० ला. त्या दिवशी माझी गुवाहाटीची फ्लाइट. ती सहकारी कादंबरीला दिली, बदल्यात तिची २१ ची बँकॉक घेतली. नक्की लक्षात राहील ना, म्हणाली. मी चौदा वर्षं उडतोय, म्हटलं.

२० ऑगस्ट, रात्री ९
फत्ते! सहाचे तीन महिने केले. मिसेस लाहिरींनी विचारलं, बदल्यात काय देणार? म्हटलं, नियम आजपासूनच लागू करा. त्यांनी तिथल्या तिथे सही केली. देबाशिषदा डोक्याला हात लावून बसले. आनंदाने असेल.
रसिका नाटकात उंदीर आहे. एकच वाक्य, पण तिचं मराठी बंगालीच्या चालीवर जातं. घोटून घेतलं.
उद्या रात्री बँकॉक. फोन सायलेंटवर टाकून झोपतो.

२१ ऑगस्ट, सकाळी
शेड्युलिंगचे पुष्कळ मिस्ड कॉल. बँकॉक मध्यरात्रीनंतर बारा चाळीसला सुटते. म्हणजे २१ च्या फ्लाइटला २० च्या रात्रीच हजर व्हायचं. नव्या मुलांना हे मीच शिकवतो.
मिसेस लाहिरींचा फोन. नव्या नियमाखाली पहिलं नाव तुमचं, म्हणाल्या. आवाज गोड होता. काही वाटलं नाही. आंघोळ केली.

२५ ऑगस्ट
सप्टेंबरचं रोस्टर आलं. १९ ला पोर्ट ब्लेअर, मुक्काम. रजा मागितली. सणासुदीत रजा नाही म्हणे. स्वॅपबंदीवर अपील केलंय. लीनाला सांगितलं नाही. निकाल माझ्या बाजूने लागणारच, उगीच कशाला?

१२ सप्टेंबर
अपील फेटाळलं. देबाशिषदा म्हणाले, करार तूच करून आणलास, तो तुझ्यासाठी कसा मोडायचा? तत्त्वाचा माणूस.
लीनाला सांगितलं. ती नुसतं बरं म्हणाली आणि कणीक मळत राहिली. फार चांगलं घेतलं तिने.

१९ सप्टेंबर, पोर्ट ब्लेअर, हॉटेल
लीनाने व्हिडिओ पाठवला. रसिका वाक्य चुकली नाही. मिशा छान काढल्या होत्या.
फोन केला. रसिका भरभरून बोलली. शेपटी स्टेजवर सुटली, सगळे हसले, मोदक दोन खाल्ले. मी का आलो नाही, हे विचारलंच नाही. लीनाला म्हटलं, पोरीने किती सहज घेतलं बघ. ती म्हणाली, बाबा येणार नाही हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, कधी, अपील फेटाळल्यावर? नाही म्हणाली. तू समितीवर गेलास त्या दिवशी.
वाईट वाटायला हवं होतं. उद्या वाटेल बहुधा.