ह्यांचा आवाज आणि संगणकाची किल्ली

तीर्थरूप वेनफू भावोजींना मेइयुनचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि जाऊबाईंचा रक्तदाब, दोन्ही ताइनानच्या उन्हात ताळ्यावर असतील असं धरून चालते. इथे शिनचूत वाऱ्याचा तोच धिंगाणा आहे. माझे वाळत घातलेले कपडे मी शेजाऱ्यांच्या गच्चीवरून गोळा करून आणते. यालिंग रविवारी तायपेईहून येते, आधी फ्रिज तपासते, मग आईला तपासते आणि परत जाते. मी ठणठणीत आहे. मेलाय तो तुमच्या धाकट्या भावाचा संगणक, आणि तो माझ्याच हातून मेला.

ऑपरेशनमध्ये गळ्यातलं स्वरयंत्र काढणार म्हटल्यावर हे खोलीचं दार लावून बसले आणि संगणकात बोलत राहिले. (माझ्याशी उभ्या संसारात सलग दहा वाक्यं बोलले नाहीत, आणि त्या डबड्याशी तीन दिवस.) बाहेर येऊन म्हणाले, "सगळं बोलून ठेवलंय. मागाहून ऐक." त्यानंतर माझ्याशी पाटीवर लिहून भांडले, आणि वसंतात गेले. ह्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. व्हिडिओत हे दिसत नाहीत, कारण कॅमेरा ह्यांच्याच हातात असायचा. मोबाइलवरच्या माझ्या निरोपांना उत्तर म्हणून नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवायचे. ऐकायला मन घट्ट होईपर्यंत पावसाळा संपला. संगणक सुरू केला, तर काळ्या पडद्याने पासवर्ड मागितला.

यालिंगने फोनवर सांगितलं की हा पासवर्ड विंडोजचा नाही, त्याच्याही आधीचा, फर्मवेअरचा आहे. तेव्हा कुठे मला कळलं की माझा नवरा जन्मभर कारखान्यात काय लिहीत होता. (शेजारी विचारत तेव्हा मी 'संगणक दुरुस्त करतात' असं ठोकून द्यायची.) फर्मवेअर म्हणजे भावोजी, घरातली पहाटे सगळ्यांच्या आधी उठणारी सून. ती चूल पेटवते, घरात कोण आहे कोण नाही ते बघते आणि मग यजमानांना उठवते. ते यजमान म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. ते आळोखेपिळोखे देत बाहेर येतात आणि घर आपणच चालवतो असं जगाला सांगतात. ह्या उठवण्यालाच बूट म्हणतात. सुनेचं नाव कुणी विचारत नाही.

मग मी देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावली आणि कौल लावायचे चंद्रकोरीच्या आकाराचे लाकडी ठोकळे टाकून ह्यांनाच पासवर्ड विचारला. यालिंगची जन्मतारीख? दोन्ही ठोकळे सपाट बाजू वर करून पडले, म्हणजे हे हसले. आपल्या लग्नाची तारीख? परत हसले. जिवंतपणी ह्यांना हसवायला मला इतकी वर्षं जमलं नव्हतं. शेवटी विचारलं, बाजारातल्या संगणक दुरुस्तीवाल्या काओकडे देऊ का? एक ठोकळा सपाट, एक पालथा, म्हणजे होकार. आता लहान पोरालाही ठाऊक आहे की होकार लागोपाठ तीनदा आल्याशिवाय धरायचा नसतो. पण काओचं दुकान बंद व्हायची वेळ झाली होती, म्हणून मी एकावरच उठले.

काओने नाण्याएवढी बॅटरी काढून परत बसवली आणि पासवर्ड गेला. मी त्याला अननसाची वडी दिली. वडी खाता खाता त्याने, माझ्यावर उपकार म्हणून, फर्मवेअरही नवं करून दिलं. मध्ये संगणकाने विचारलं, सुरक्षेची चिप पुसू का? काओ हो म्हणाला. हार्ड डिस्कवरचं सगळं ह्यांनी कुलूपबंद केलेलं होतं आणि त्याची किल्ली होती त्या चिपमध्ये. आता यजमान उठतच नाहीत. अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतात. ह्यांनी ती कुठे जपून ठेवली असेल तर आमच्यापासूनच ठेवली. सगळं घर उलथंपालथं केलं, मिळाली नाही. काओचा चेहरा उतरला. म्हणाला, "काकू, ज्यानं हे बसवलं त्याला काम येत होतं." ह्यांच्या कामाचं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं. घरी आल्यावर फार रडले, भावोजी.

म्हणून हे पत्र. तुमचा चुनहाओ ह्याच धंद्यात आहे. त्याला चार दिवसांची रजा काढून इकडे पाठवाल का?

जाऊबाईंना नमस्कार.

तुमची,
मेइयुन

ता. क. चुनहाओला पाठवू नका. यालिंगने त्याला कधीच विचारलंय, आणि किल्लीवाचून ते जगात कुणालाच उघडणार नाही असं तो म्हणाला. मला हे लिहायला बसण्याआधीच माहीत होतं.

ता. क. २. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी तुम्ही फोन केलात आणि लाइन तुटली. ती तुटली नव्हती, मी ठेवला होता. फोनवर तुमचा आवाज थेट ह्यांच्यासारखा येतो. तर रविवार सोडून कधीही एक फोन करा (जाऊबाईंना सांगू नका) आणि फक्त "मेइयुन, जेवलीस का?" एवढं विचारा. मी "जेवले" म्हणेन. मग काही न बोलता ठेवून द्या. हेही तसंच करायचे.