अकरा गावांचा सूत्रधार

रविवार, १ सप्टेंबर
संकल्प: महिनाभरात अकरा गावं. दहा कुणीही करतं.

बायकोने विचारलं, हे नक्की काय चाललंय. समजावून सांगितलं. खेळ आहे. टेबलाभोवती बसायचं. एक जण सूत्रधार, त्याने अख्खं जग रचायचं. बाकीच्यांनी तलवारबाज, जादूगार वगैरे होऊन त्या जगात फिरायचं. काही करायचं झालं की फासे टाकायचे. सूत्रधार मी. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही बोलणार आणि बाकीचे ऐकणार, मग यात नवीन काय. कलेच्या बाबतीत घरून पाठिंब्याची अपेक्षा कधीच ठेवलेली नाही.

खेळाडू तीन: लेक, मेहुणा आणि वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. लेकीला दुसऱ्या शहरातून नोकरीचं पत्र आलंय, महिनाअखेर कळवायचंय. निर्णय पूर्णपणे तिचा. मी मध्ये पडणार नाही. या खेळाचा आणि त्या नोकरीचा काडीचाही संबंध नाही. तिचे रविवार रंगले पाहिजेत, एवढंच.

मंगळवार, ३ सप्टेंबर
पहिलं गाव तयार. नाव निरोपगाव. वैशिष्ट्य असं की पाहुण्याला गाव सोडायचं असेल तर गावातल्या प्रत्येक माणसाने त्याला स्वतःच्या तोंडाने निरोप द्यावा लागतो. आणि गावात एक म्हातारा आहे, जो गेली तीस वर्षं कुणाशी बोललेला नाही.

लिहून झाल्यावर अंगावर काटा आला. डबा खायचा राहिला. दुपारी गेटवर दोन ट्रक माझ्या सहीसाठी खोळंबले होते, ड्रायव्हर काहीबाही बोलत होते. फॅक्टरीतून माझ्या सहीशिवाय खिळासुद्धा बाहेर जात नाही, हे त्यांना माहीत आहे.

रविवार, ८ सप्टेंबर
खेळ सुरू. अपूर्व यश.

निरोपगावात चौघं शिरलो (मी सूत्रधार म्हणून, अदृश्य). मेहुण्याने पहिल्याच मिनिटाला विचारलं, भावोजी, राक्षस कधी. सांगितलं, आधी गाव अनुभव. मग त्यांना पुढे जायचं होतं, तेव्हा म्हातारा दाखवला. मेहुण्याने म्हाताऱ्याला धमकावलं. डॉक्टरांनी त्याचा जबडा तपासला. दात उत्तम आहेत, म्हणाले, बोलायला काहीच हरकत नाही. लेक म्हाताऱ्याशेजारी जाऊन नुसती बसली. चार तास म्हातारा बोलला नाही. मीच तो, माझा घसा कोरडा पडला होता.

बुधवार, ११ सप्टेंबर
झपाटा लागलाय. चार दिवसांत चार गावं, आणि एकासारखं दुसरं नाही.

वारापट्टण: तळ्यातलं बेट. वारा कायम बेटाच्या दिशेने वाहतो, त्यामुळे होड्या झोकात येतात. मऊशेज: इथली गादी इतकी मऊ की झोपलेला माणूस आपण कुठे निघालो होतो ते विसरतो. कुलूपनगर: अर्थ उघड आहे. आत्यांचं खोरं: रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आत्या राहतात, आणि प्रत्येकीकडे थोडं बसून जावं लागतं.

पाठ थोपटून घेतली. म्हणजे स्वतःच थोपटली.

रविवार, १५ सप्टेंबर
अजून निरोपगावातच. मेहुण्याने भिंतीवरून उडी मारायचं ठरवलं, फासे चांगले पडले. भिंत आयत्या वेळी उंच करावी लागली. डॉक्टरांनी विचारलं, भिंत मघाशी कंबरेएवढी होती ना. म्हटलं, डॉक्टर, जादूचं जग आहे.

याला म्हणतात गुंगून जाणं. दोन रविवार एकाच गावात, आणि कुणाचं पाऊल निघत नाही.

लेक आज जरा गप्प होती. विचार करत असेल. इथे काय काय आहे, त्याचा.

रविवार, २२ सप्टेंबर
डॉक्टर आले नाहीत. पेशंट आहे म्हणाले. रविवारी. वरून टीव्हीचा आवाज येत होता.

दोघांसाठी म्हाताऱ्याला शेवटी बोलतं केलं. निरोप मिळाला, निघाले, पुढे वारापट्टण लागलं. मेहुण्याने वल्ही मागितली. वल्ही नाहीत, असं सांगितलं. लाकूड? बेटावर झाडं नाहीत. मेहुण्याने फासे टेबलावर ठेवले आणि बायकोला हाक मारून म्हणाला, ताई, यांना जरा सांग.

मग लेकीने माझी वही मागितली आणि वाचली. खेळाडूला वही दाखवायची नसते, हा नियम आहे, पण मी कौतुकाच्या आशेने दिली. तिने आतापर्यंतची दहाही गावं शांतपणे वाचली आणि म्हणाली, बाबा, तुमच्या प्रत्येक गावात यायला रस्ता आहे, जायला एकातही नाही.

म्हटलं, योगायोग. ती म्हणाली, दहाच्या दहा गावांत? म्हटलं, प्रत्येकाचं वैशिष्ट्य वेगळं आहे. बायको आतून म्हणाली, वैशिष्ट्य कसलं, एकच गाव दहा वेळा लिहिलंय.

समीक्षकांचं मनावर घ्यायचं नाही.

सोमवार, २३ सप्टेंबर
वही पुन्हा तपासली. मऊशेजमधून जाता येतं. जागं झालं तर.

गुरुवार, २६ सप्टेंबर
अकरावं गाव. टीकेला उत्तर. नाव मोकळपूर. चारी दिशांना रस्ते, वेस सताड उघडी, वेशीवर एक साधा पहारेकरी. पाहिजे तेव्हा या, पाहिजे तेव्हा निघा. फक्त निघताना त्याच्याकडून एक पास घ्यायचा.

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे तुमचं ऑफिस आहे. माणसाला मनमोकळं काही रचूच देत नाहीत या घरात.

रविवार, २९ सप्टेंबर
डॉक्टर आले, त्यांची समजूत लेकीने काढली. मेहुणाही आला. सगळ्यांना वारापट्टणातून थेट मोकळपुरात नेलं. राक्षस ठेवला होता, मेहुण्याने मारला, खूश झाला. चहा झाला. मला वाटलं, जमलं.

मग लेक म्हणाली, मी वेशीपाशी जाते. एकटी. पहारेकऱ्याला सांगते, मला निघायचंय, पास द्या.

पहारेकरी म्हणजे मीच. विचारलं, कारण. ती म्हणाली, नवीन ठिकाणी काम मिळालंय. विचारलं, या गावात कामं नाहीत का. म्हणाली, आहेत, पण मला ते करून बघायचंय. विचारलं, तिथे ओळखीचं कोण आहे. म्हणाली, कुणी नाही. विचारलं, मग आजारी पडलीस तर. डॉक्टर छताकडे बघायला लागले. मेहुण्याने रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

फॅक्टरीत माझ्याकडे दोन रंगांचे पास असतात. रिटर्नेबल आणि नॉन-रिटर्नेबल. दुरुस्तीला जाणारी मोटर परत यायची असते, तिच्या पासवर परतीची तारीख घालावीच लागते, नाहीतर पास रद्द. विकलेला माल नॉन-रिटर्नेबल, त्याची कुणी वाट बघत नाही. पहारेकऱ्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं: रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल?

लेकीने फासे बाजूला सरकवले. मग म्हणाली, रिटर्नेबल. पण तारीख घालू नका.

असा पास नियमात बसत नाही. इतक्या वर्षांत एकदाही दिलेला नाही, मॅनेजरच्या भाच्यालासुद्धा नाही. पहारेकऱ्याने सही केली. सूत्रधाराला चष्मा पुसायला आत जावं लागलं. फासे कुणी टाकलेच नाहीत.

सोमवार, ३० सप्टेंबर
तिने होकार कळवला. मी पेढीवर बसलेल्या शेठासारखा शांत होतो. बायको म्हणते, मी दिवसभर फ्रीजचं दार उघडून उभा होतो.

रविवार, १३ ऑक्टोबर
लेक गेली. बॅग मी भरून देणार होतो. तिने आधीच भरली होती. माझा सल्ला होता की मोठी बॅग ने, तिने लहान नेली. निघताना वाकून पाया पडायला लागली तर मीच घाईघाईने दार उघडलं, गाडी चुकेल म्हणून. गाडीला पाऊण तास होता.

तिला सोडून आल्यावर खोली आवरायला घेतली. आवरण्यासारखं काही नव्हतं. बसलो थोडा वेळ. मला तिची आठवण येते. गेल्याला चार तासही झाले नाहीत.

संकल्प: बारावं गाव. भव्य. ती आली की दाखवायचं.

शनिवार, १९ ऑक्टोबर
बारावं गाव अजून नाही. सुचतंय, पण लिहावंसं वाटत नाही. थोर लोकांचं असं होतं.

रविवार, २७ ऑक्टोबर
मेहुणा आणि डॉक्टर आले. मी वही उघडली. मेहुणा म्हणाला, भावोजी, आज पत्ते खेळूया का. डॉक्टर इतक्या पटकन हो म्हणाले की आधी ठरलेलं असावं. पत्ते खेळलो. हरलो.

दुपारी लेकीचा फोन. मी पहिल्या रिंगला उचलला. म्हणाली, आई आहे का. बेसिनचा नळ गळतोय, काय बांधायचं ते विचारायचंय. म्हटलं, मला विचार ना. म्हणाली, बरं, काय बांधायचं? मला माहीत नव्हतं. मग मी विचारलं, तुझी गल्ली कशी आहे. हसली. म्हणाली, चढ आहे थोडा. कोपऱ्यावर दुकान आहे, उशिरा उघडतं. वरचे लोक खुर्च्या ओढतात. विचारलं, ऑफिस किती लांब. तेवढ्यात दारावर कुणीतरी आलं. नंतर सांगते म्हणाली आणि फोन ठेवला. पुढच्या वेळी अंतर आधी विचारायचं.

अकरा गावांतल्या विहिरींची खोली मला पाठ आहे. पोरगी राहते त्या गल्लीचं नाव माहीत नाही.

वहीत नवीन पान काढलं. एक खोली काढली. चढ काढला. कोपऱ्यावर, उजव्या हाताला, दुकान काढलं. पुढे सगळं कोरं.

बायको मागे येऊन उभी राहिली. विचारलं तिने, हे कितवं. म्हटलं, हे मी रचलेलं नाही. तिने खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाली, दुकान डाव्या हाताला आहे. त्याच्या पलीकडे औषधवाला. मग पूल. पूल ओलांडला की ऑफिस, चालत वीस मिनिटं, पण ती रिक्षाने जाते, सांगते मात्र चालत जाते म्हणून. घरमालकीण चांगली आहे, तिची मांजर वाईट आहे. मायलेकी रोज सकाळी फोनवर बोलतात म्हणे, मी आंघोळीला जातो तेव्हा.

खोडरबर शोधलं. दुकान डाव्या हाताला काढलं.