नोंद घेणारा हात

२ डिसेंबर, सोमवार

आज रुजू झाले. नागपूरला एकतीस वर्षं रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. निवृत्तीनंतर नव्या शहरात नवी नोकरी मिळेल असं वाटलं नव्हतं. मार्केट यार्डामागे गुळाच्या गोदामावर प्रयोगशाळा आहे. जिनाभर गुळाचा वास, आत गेलं की लख्ख स्वच्छता. मन प्रसन्न झालं.

डॉ. अभय कोल्ड फ्यूजनवर काम करतात. काचेच्या सेलमध्ये जड पाणी, त्यात पॅलेडियमची तार. प्रवाह सोडायचा आणि जेवढी वीज आत गेली त्याहून जास्त उष्णता बाहेर येते का, ते पाहायचं. जगाने या प्रयोगाला हसून केव्हाच सोडून दिलं आहे. मी हसले नाही. दर पाव तासाला तापमान वाचून वहीत लिहिणाऱ्या मुलीवर देखरेख, हे माझं काम. यंत्राने नोंद घेतली तर जास्तीची उष्णता दिसत नाही, हाताने घेतली तरच दिसते, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे चूक आहे. शोधून काढीन.

४ डिसेंबर, बुधवार

नोंद घेणारी वल्लरी लोणी काळभोरहून येते. बी.एस्सी. आहे, पण अक्षर मुंगी शाईत बुडून चालल्यासारखं. साताचा एक, एकाचा सात. स्वेटरवर शाल घेऊन बसते. विचारलं तर म्हणाली, हितं लई गार लागतं, बोटं वळत नाहीत. बोटं वळत नाहीत तर जीभ कशी वळते, असं मी विचारलं. दुपारी पुन्हा तीन आकडे चुकले, तेव्हा तिच्या हातून पेन काढून घेतलं आणि वही पुढे ओढून स्वतः लिहायला बसले. चुकीची नोंद मला पाहवत नाही. ती रडली.

७ डिसेंबर, शनिवार

जास्तीची उष्णता मिळते आहे. अर्धा वॅट, सलग तीन दिवस. वायरी बदलल्या, थर्मामीटर बदलले. चूक सापडत नाही. डॉक्टरांनी पेढे आणले. वल्लरीने स्वेटर काढून ठेवला आहे, गुणगुणत बाटल्या धुते. मला मात्र हुडहुडी भरते. नागपूरकरांना पुण्याची थंडी बाधते, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी नागपूरचा डिसेंबर पाहिलेला नाही.

९ डिसेंबर, सोमवार

काल खोलीवर दिवसभर पांघरुणातच होते. ताप असेल म्हणून पाहिलं, तर शहाण्णव. आज सेलच्या तापमानाबरोबर स्वतःचंही घेत गेले. वजन धरून गणित मांडलं. सेलने जेवढी उष्णता जास्त दिली, तेवढीच माझ्यातून गेली आहे. इतकं नेटकं उत्तर एकतीस वर्षांत कुठल्या प्रयोगाचं आलं नव्हतं.

कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. सहा वेगवेगळी अक्षरं. प्रत्येक अक्षर पानाच्या मध्येच थांबलेलं.

१० डिसेंबर, मंगळवार

डॉक्टरांना गणित दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही. नोंद घेणाऱ्याला सेल धरतो, म्हणाले. घरी गेलं तरी सोडत नाही. दुसऱ्याने वही घेतली तरच पहिला सुटतो. सेल बंद करा, म्हटलं. गेल्या वर्षी केला होता, म्हणाले. प्रवाह तोडताच रतन नावाचा माणूस खुर्चीतच गेला.

आणि वल्लरी? मी विचारलं.

"अहो बाई, चुका मुद्दाम कर, असं मीच तिला सांगितलं होतं. शिस्तीची बाई पेन हिसकावून घेणारच. आठवडा लागेल असं वाटलं होतं. आपण तिसऱ्याच दिवशी घेतलंत."

११ डिसेंबर

त्र्याण्णव. वही वल्लरीपुढे सरकवली. तिने हात पाठीमागे नेले.

"मॅडम, मला घरी आई हाय. तुम्हाला कोण हाय?"

खरं आहे. मुलाखतीत डॉक्टरांनी हेच विचारलं होतं – कुणी नाही, असं मी अभिमानाने सांगितलं होतं.

१३ डिसेंबर

नव्वद. सेल दोन वॅट देतो आहे. आता हुडहुडी भरत नाही – ते चांगलं लक्षण नाही.

नवी मुलगी आली. राधा. एकोणीस वर्षांची. डॉक्टर कानाशी म्हणाले, चुका करायला लागा, सुटाल. मी एकही चूक केली नाही. तिलाच शब्दांनी झोडपलं – परीक्षेतले गुण, चपला, वेणी, सगळ्यावरून. बाटल्या धुण्याचीही लायकी नाही, चालती हो, म्हटलं. रडत गेली. डॉक्टरांनी दार आपटलं.

आयुष्यभर पोरींना रडवलं. आज पहिल्यांदा – असो.

१४ डिसेंबर

वही आणि रोजनिशी शेजारी ठेवून लिहिते आहे. अठ्ठ्याऐंशी. ओठ हलत नाहीत –

राधा परत आली. वल्लरीने जिन्यात गाठून समजूत घातली – मॅडम आजारी आहेत, मनावर घेऊ नको. राधाने माझ्यासाठी मऊ भात आणलाय. माफी मागते आहे – माझी –

मी नको म्हणते आहे. आवाज नाही.

तिने वही ओढली. बाई, तुम्ही पडा, मी लिहिते, म्हणाली. स्वतःचं पेन काढलं. सव्वाचारची नोंद –

अक्षर चांगलं आहे. सुबक.

माझ्या बोटांत – ऊब. दहा दिवसांनी. ओठ हलले आत्ता. आवाज येईल.

थांब म्हणायला हवं. वही परत ओढायला हवी. ओढते. ओढतेच – एवढी बोटं जरा –